दीड वीत चालणारा बर्फ

दाताच्या डॉक्टरकडे मिस्त्रींचा नंबर चौथा होता, आणि आधीच्या तिघांपैकी एकाची अक्कलदाढ काही केल्या निघत नव्हती. पुढचं सगळं घडलं ते त्या अक्कलदाढेमुळे. बसून बसून कंटाळलेल्या मिस्त्रींनी टेबलावरच्या ढिगातून एक जुनं मासिक ओढलं आणि मधलं पान उघडलं, तर समोर एक दरी. दोन्ही बाजूंना काळे उघडेबोडके डोंगर आणि त्यांच्या मधून वळण घेत उतरलेली बर्फाची नदी. माणसाचं नावनिशाण नाही. चित्र देखणं होतं, पण मिस्त्री काही देखण्या चित्रांना भुलणाऱ्यांतले नव्हेत. त्यांना खिळवून ठेवलं ते खालच्या ओळीने. ही हिमनदी रोज दीड वीत पुढे सरकते, असं तिथे छापलं होतं.

मिस्त्री लिफ्टची देखभाल करत. शहरातल्या अकरा इमारतींच्या अकरा लिफ्ट त्यांच्या भरवशावर वरखाली होत, आणि जड वस्तू सरकवायच्या नि वेळेवर थांबवायच्या यापलीकडे तीस वर्षांत त्यांनी दुसरा उद्योग केला नव्हता. डोंगराएवढा बर्फ मोटारीशिवाय, दोराशिवाय, रोज न चुकता दीड वीत सरकतो म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात जे प्रश्न उठले ते तुमच्याआमच्या डोक्यात उठायचे नाहीत. एवढं वजन तोललंय कशावर? एकदम घसरत का नाही? आणि ब्रेक कुठे आहे? त्यांचा नंबर लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतंय. मिस्त्रींनी उलट विचारलं, हे पान फाडून नेलं तर चालेल का.

पान घरी आलं आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटलं. मिस्त्रींची बायको एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान सांभाळायची. परीक्षानळ्या मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या, फुटली तर कुणी फोडली ते शोधायचं, असं तिचं काम. तिने चष्मा लावून पान वाचलं. दुरून डोंगर साजरे, असं आधी म्हणून टाकलं, कारण ते म्हणायची पद्धत आहे. मग थोड्या वेळाने हात पुसत पुन्हा कपाटापाशी आली.

"दीड वीत हे मोजलं कुणी आणि कसं?" तिने विचारलं. "नदी सरकते, मग खूण कुठे करायची?"

मिस्त्रींना एवढं पुरे होतं. घरात दोन माणसं आणि दोघांनाही एकाच बर्फाची चौकशी, म्हणजे जायचं ते दोघांनीच. दुसऱ्याच दिवशी ते प्रवासाच्या कचेरीत जाऊन बसले. तिथल्या माणसाने नकाशा पसरून सगळं सांगितलं. दरी दुर्गम आहे. सहा दिवस पायी चालायचं, पाठीवर आपलं सामान आपणच वाहायचं, राहायला दगडी झोपड्या. जवळचा डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर, त्यामुळे तिथला वाटाड्या मोसमाआधी स्वतः शहरात येऊन प्रत्येकाला पारखून घेतो. दहा किलो पाठीवर आणि दहा मजल्यांच्या आठ फेऱ्या, तासाच्या आत. जमलं तर नेतो, नाही जमलं तर हात जोडतो. आणि दरीच्या तोंडापर्यंत पोचायचा रस्ता एकच, रोपवे. बंद डबा, बारा मिनिटं.

त्या रोपवेच्या नावासरशी मिस्त्री अडले. स्वतःसाठी नाही, बायकोसाठी.

आता ही गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी, कारण तीस वर्षं मिस्त्रींनी ती कुणाला सांगितली नव्हती. त्यांची बायको लिफ्टमध्ये बसत नसे. कधीच नाही, एकदाही नाही. दोघं राहायची दहा मजल्यांच्या इमारतीत सातव्या मजल्यावर. त्या इमारतीची लिफ्टही मिस्त्रींच्याच हाताखालची, आणि ही बाई रोज दोनतीनदा पिशव्या घेऊन एकशे सव्वीस पायऱ्या चढायची. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. चारचौघांत मिस्त्री हसून म्हणायचे, तिला व्यायामाची हौस आहे. पण आतून त्यांना ते लागायचं. शेकडो अनोळखी माणसं आपल्या कामावर विश्वास ठेवून दार लावून घेतात आणि आपलं माणूस मात्र जिन्याने जातं, याचं दुःख त्यांना होतं, आणि चांगलंच होतं.

संध्याकाळी त्यांनी सगळं सांगितलं आणि रोपवेचं शेवटी, हळूच.

"मग तुम्हीच जा," बायको म्हणाली. रागाने नाही. परीक्षानळी जागेवर ठेवावी तशी म्हणाली.

सहा दिवसांच्या वाटेसाठी बारा मिनिटं, असं काहीबाही मिस्त्री बोलून बघत राहिले, पण ती पान बघत राहिली. शेवटी मिस्त्रींनी ठरवलं की आधी आपण तर पात्र ठरू. पुढचं पुढे.

सराव सुरू झाला. पाठपिशवीत भरायला त्यांनी गोदामातून लिफ्टच्या समतोल वजनातला एक लोखंडी तुकडा आणला, बरोब्बर दहा किलोचा. नवे बूट मऊ पडावेत म्हणून ते कामावरही तेच घालून जाऊ लागले. आणि रोज सकाळी आपल्याच इमारतीचा जिना. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या नाकी नऊ आले. मिस्त्री माणूस लिफ्टचा. आयुष्यात ते जिना चढले होते तो लिफ्ट बंद असेल तेव्हाच. बायको पाण्याची बाटली आणि घड्याळ घेऊन शेजारून चालायची, फेऱ्या मोजायची आणि चालता चालता शाळेतल्या गोष्टी सांगायची. मिस्त्रींना हुंकार द्यायलाही दम पुरत नसे.

चार दिवसांत एक वेगळीच भानगड झाली. पाचव्या मजल्यावरच्या शिंपीकाकू जिन्याने उतरताना दिसू लागल्या. मग आठव्या मजल्यावरचं जोडपं, बाळासकट. मग नवव्यावरचे पेन्शनर आजोबा, दर मजल्यावर बसत बसत. लिफ्ट खाली रिकामी उभी आणि सगळी इमारत जिन्यावर. शेवटी इमारतीचे सचिव मिस्त्रींना गाठून खालच्या आवाजात म्हणाले, आम्हाला खरं काय ते सांगा, आम्ही कुणाला सांगणार नाही. मिस्त्रींना कळेचना. मग उलगडा झाला. लिफ्टचा मिस्त्री स्वतः पाठीवर ओझं घेऊन जिना चढतोय, म्हणजे लिफ्टचं काही खरं नाही, असा सुतावरून स्वर्ग लोकांनी गाठला होता. त्या दिवशी लिफ्टच्या दारावर मिस्त्रींनी पाटी लावली: 'लिफ्ट उत्तम चालू आहे. दुरुस्ती माझी सुरू आहे.'

घरी येऊन ते पोट धरधरून हसले. माणसं किती वेडी असतात, म्हणाले.

बायको हसली नाही. "त्यांचं काय चुकलं?" ती म्हणाली. "लिफ्टमधलं लोकांना काय कळतंय? ते मिस्त्रीकडे बघतात." आणि ती कपडे वाळत घालायला गेली. मिस्त्रींनी ते वाक्य ऐकलं, पण कानाआड केलं.

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी वाटाड्या आला. काटकुळा, उन्हाने रापलेला, बोलायचं म्हटलं की विचार करणारा. परीक्षा याच इमारतीत घ्यायची ठरली. त्याने घड्याळ लावलं आणि मिस्त्रींच्या मागे दोन पायऱ्या सोडून, बाजारात निघाल्यासारखा चालू लागला. बाटली घेऊन बायको शेजारी होतीच. पहिल्या चार फेऱ्या मिस्त्रींनी झोकात काढल्या. पाचवी दात खाऊन काढली. सहाव्या फेरीला चौथ्या मजल्यावर त्यांचा उजवा गुडघा असा काही बोलला की ते होते तिथेच पायरीवर बसले.

"दोन मिनिटं," ते म्हणाले.

वाटाड्या खाली वाकला, गुडघ्याला बोटं लावून बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. मिस्त्रींना काही विचारावं लागलं नाही.

बायकोने त्यांच्या पाठीवरची पिशवी सोडवली. ओझं घरी तरी नेऊन ठेवते म्हणाली आणि स्वतःच्या खांद्याला लावून चढू लागली. वाटाड्या तिच्या मागोमाग गेला. सातव्या मजल्यावर ती घराकडे वळणार, तर तो म्हणाला, वर अजून तीन मजले आहेत. का म्हणून न विचारता ती चढली. मग उतरली. मिस्त्री चौथ्या मजल्यावर गुडघा धरून बसलेले, आणि त्यांच्यासमोरून बायको उतरली, चढली, पुन्हा उतरली, पुन्हा चढली. दुसऱ्यांदा जाताना ती वाटाड्याला काचसामान कोणत्या वर्गाची मुलं जास्त फोडतात ते सांगत होती. वाटाड्याचंच कपाळ जरा ओलं दिसलं. आठवी फेरी संपली तेव्हा तासाला सहा मिनिटं बाकी होती.

"सराव कुठे करता?" वाटाड्याने तिला विचारलं.

"कसला सराव?" ती म्हणाली. "मी सातव्या मजल्यावर राहते."

आठही फेऱ्या ओझ्यासकट झाल्या नव्हत्या, पण वाटाड्याने तेवढ्या शितांवरून भाताची परीक्षा केली. वहीत काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की या येऊ शकतात. तुम्हाला रोपवेच्या वरच्या टोकापर्यंत येता येईल, असं तो मिस्त्रींना म्हणाला. तिथे झोपडी आहे, चहा मिळतो, पण बर्फ तिथून दिसत नाही. तो गेल्यावर जिन्यात मिस्त्री आणि बायको दोघंच उरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा पाठीवर पिशवी घेऊन समोर उभा होता.

मिस्त्रींना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दोन दिवस त्यांनी कपाटाच्या दाराकडे बघायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी शेकायची पिशवी गुडघ्यावर धरून ते म्हणाले की तू जा. निदान घरातल्या एका माणसाने तो ब्रेक बघून यावं.

"कशी जाऊ? मध्ये तो डबा आहे."

"तुला नक्की भीती कसली वाटते?" मिस्त्रींनी विचारलं. गंमत बघा, तीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी सरळ विचारलाच नव्हता. उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं ते धरून चालले होते.

बायको समोर बसली. म्हणाली, "लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही जेवताना सांगितलंत, गोदामाच्या लिफ्टमध्ये एक माणूस दोन मजल्यांच्या मधोमध चार तास अडकला. तुम्ही रंगवून सांगितलंत, त्याचा आवाजसुद्धा काढून दाखवलात. मग दार न उघडलेली लिफ्ट. मग उंबऱ्याच्या वीतभर खाली थांबलेली लिफ्ट. मग झिजलेला दोर. तीस वर्षं मी तुमच्या तोंडून लिफ्टबद्दल जे ऐकलं ते हे. ज्या दिवशी काही मोडत नव्हतं त्या दिवशी तुम्ही गप्प बसून जेवत होतात."

मिस्त्रींनी शेकायची पिशवी गुडघ्यावरून काढून बाजूला ठेवली. त्यांना ती गप्प जेवणं आठवली. महिन्यातले पंचवीससव्वीस दिवस तरी तशीच असायची. चाललेल्या लिफ्टचं सांगणार काय? ती चालली. त्यात गोष्ट नाही. गोष्ट असते ती अडकलेल्या लिफ्टची, म्हणून तेवढीच त्यांनी घरी आणली होती, दर वेळी, हौसेने, मीठमसाला लावून. शिंपीकाकूंना हसले होते ते. काकूंनी चार दिवस मिस्त्रीकडे बघून जिना धरला होता, आणि हिने तीस वर्षं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "रविवारी वर चल. जिन्यानेच चल. तुला मशीन दाखवतो."

रविवारी दोघं गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेली. मिस्त्री लंगडत, ती पुढे. आत तेलाचा वास आणि मोठं चाक, चाकावरून खाली गेलेले पाच दोर. मिस्त्री शिकवायला लागले, पण तिच्या प्रश्नांपुढे त्यांचं शिकवणं मागे पडलं. पाच का? एकटा दोर भरलेला डबा पेलतो, बाकीचे चार खबरदारीचे. पाचही तुटले तर? मग हे लहान चाक. डबा खाली पळू लागला की हे जोरात फिरतं आणि डब्याखालचे लोखंडी जबडे दोन्ही बाजूंचे उभे रूळ आवळून धरतात. वीज लागत नाही, माणूस लागत नाही.

"हे खरंच धरतं हे कुणी बघितलंय?"

"मी. दर वर्षी. रिकामा डबा मुद्दाम वेगाने सोडतो आणि जबडे धरतात की नाही ते बघतो. रुळावर उमटलेले दात मोजतो."

"दर वर्षी? अकराही लिफ्टचं?"

"हो."

ती चाकाकडे बघत राहिली. "हे मला कधी सांगितलं नाहीत."

"यात सांगण्यासारखं काय होतं? जबड्यांनी धरलं, डबा थांबला, मी घरी आलो."

तिने एका दोरावर बोट ठेवलं, तेलकट बोट बघितलं आणि रुमालाला पुसलं. मग विचारलं, "मी आत बसले तर तुम्ही कुठे असाल?"

मिस्त्रींनी सांगितलं की तुझ्या डोक्यावर. मिस्त्री लोक लिफ्ट तपासतात ती डब्याच्या टपावर उभं राहून. तिथून ती मुंगीच्या पावलाने चालवता येते. छतात झडप असते, ती उघडी ठेवतो. ती खाली गेली, जिन्यानेच. डबा खाली थांबलेला होता. ती आत शिरली, आणि पहिल्या मजल्याच्या दारातून मिस्त्री दुखऱ्या गुडघ्यासकट टपावर उतरले. त्यांनी झडप उघडली. खाली बायको कोपऱ्यात उभी, दोन्ही हात भिंतींना टेकवलेले, डोळे वर.

"सोडू?" मिस्त्रींनी विचारलं. तीस वर्षांत हजारो वेळा बटण दाबलेल्या त्या माणसाने बटण कुठलं ते पुन्हा एकदा बघून घेतलं.

"थांबा जरा." मग खूप वेळाने, "सोडा."

डबा निघाला. पहिला मजला. दुसरा. ती बोलेना. मिस्त्रीही बोलेनात, कारण आपण काही बोलायला गेलो तर तोंडातून एखादा बिघाडच बाहेर पडेल अशी त्यांना भीती वाटत होती. तिसऱ्या मजल्यावर खालून आवाज आला.

"तुमच्या बुटांचे तळवे दिसतात. आत्ताच झिजायला लागलेत."

"हो का?"

"आपण किती वेगाने चाललोय?"

"माणूस चालतो त्याच्या निम्म्याने."

सहावा मजला आला. मग ती म्हणाली की बर्फावर एक दगड लाल रंगवून ठेवीन. दोन्ही काठांच्या खडकांवर खुणा करून तिन्ही एका रेषेत आणीन आणि दोन दिवसांनी बघीन रेष किती मोडली ते. मोजायला तुमची टेप लागेल, बारकी नको, ती मोठी पोलादी. मिस्त्री हो म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता, पण लिफ्टच्या बोगद्यात सगळेच आवाज तसे येतात.

दहाव्या मजल्यावर थांबून ती दोघं तशीच खाली आली. तळमजल्याचं दार उघडलं तर बाहेर शिंपीकाकू उभ्या. काकूंनी लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या बाईकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं, आणि काळजीने विचारलं, "जिना बंद आहे का हो?"

सोमवारी कामावरून आल्यावर मिस्त्री जेवायला बसले. दिवसभरात काहीच मोडलं नव्हतं, म्हणून सवयीने दोनतीन घास ते गप्पच जेवले. मग त्यांनी हात थांबवला.

"आज अकराही लिफ्ट नीट चालल्या," ते म्हणाले.

बायकोने मान वर केली.

"दवाखान्यातली सकाळपासून दोनशे वेळा तरी गेली असेल. एक खाट वर नेली, तिच्यावरच्या पेल्यातलं पाणी न हिंदकळता. बँकेची जरा जुनी आहे, पण थांबते तेव्हा उंबऱ्याशी केसाचाही फरक नसतो. कापडाच्या दुकानातली..." त्यांना जड जात होतं. बिघाड सांगायला जीभ सरसर चालायची. चाललेल्या लिफ्टचं वर्णन करायला त्यांच्यापाशी धड शब्दही नव्हते. तरी ते एकेक सांगत दहाव्या लिफ्टपर्यंत पोचले.

"आणि आपली?" बायकोने विचारलं.

"आपली आज बघायला झालं नाही. तक्रार आली नाही, म्हणजे चालली."

"मी आले तिच्यातून. शाळेतून येताना, एकटी." तिने त्यांच्या ताटात वाढलं. "सहाव्यापाशी खट असा आवाज येतो."

मिस्त्रींच्या हातातला घास तसाच राहिला. एकटी आली होती ती. त्यांनी जमेल तितक्या साध्या आवाजात सांगितलं, "तो रुळाचा जोड आहे. पहिल्या दिवसापासून वाजतो. त्याने काही होत नाही."

"मग ठीक," ती म्हणाली आणि पाट जरा पुढे ओढून बसली. "आता मागच्या तीस वर्षांतलं सांगा. निघायला अजून चार महिने आहेत."